रंगावलीचा दगड

आईला वाचता येत नव्हतं.
रात्री कंदिलाशी मी वाचायचो, पाचवीतला,
अडखळत, ओळीखाली बोट ठेवून,
आणि ती मिरचीनं पोळलेल्या तळव्यांना
खोबरेल चोळत ऐकायची.
त्या रात्री नियमांची पानं लागली होती,
पाळकसाहेबही भराभर उलटतात तसली.
त्यांत येशूचं नाव नव्हतं, चमत्कार नव्हता,
दोन वजनांबद्दल काहीतरी होतं,
घ्यायचं वेगळं, द्यायचं वेगळं,
आणि देवाला त्याची किळस येते असं.
मी जांभई दिली.
आई म्हणाली, परत वाच.

नंदुरबारला नगीनशेठच्या पथारीवर
ती काट्याशी उभी असायची.
ओल्या लाल मिरचीची गोणी चढली
की काटा किलोभर गिळायचा.
सगळ्यांना ठाऊक होतं.
काटा खातोच, म्हणायचे शेतकरीसुद्धा,
पाऊस पडतोच म्हणावं तसं.

रविवारी भक्ती आटोपून
ती नवापूरच्या नदीत उतरली, पदर खोचून.
सात दगड टोपलीत घालून दवाखान्यात नेले
आणि बाळांच्या काट्यावर एकेक निजवला.
प्रिस्का नर्स हसून हसून बेजार.
सहावा बरोबर पाच किलो भरला.
तो दुपट्यात गुंडाळून, कडेवर घेऊन
आई एसटीनं परत आली.
कंडक्टरनं विचारलं, मुलगा की मुलगी?

सोमवारी दगड काट्यावर. काटा म्हणाला, चार.
आई मुनीमाला म्हणाली, गोणीमागं एक वाढवून लिहा.
शेठ गादीवरून उठून आला,
तुला पगार मी देतो की तुझा देव?
आईला उत्तर देता आलं नाही.
तिला शिंका येत होत्या.

दुसऱ्या दिवसापासून ती देठ खुडायला.
मजुरी निम्मी.
माझी तोरणमाळची सहल गेली.
मी दगडाला लाथ मारली,
अंगठा आठवडाभर सुजलेला.

मग कोपर्लीचा सुपडू आबा आला, ट्रॉली भरून.
"सलोमीबाई कोठे शे? तिना दगड आना,
मंगन गाडी खाली करसु."
त्याच्यामागून आणखी दोघं.
तीन गाड्या. बस, तीनच.

शेठ स्वतः आला, देठांच्या ढिगाशी उकिडवा बसला.
ये परत. पगार पूर्वीचा, वर वीस.
मागतील त्यांना तुझा दगड,
न मागतील त्यांना आपला काटा.
आईनं मान वर न करता नाही म्हटलं.
मी रस्ताभर रडलो.
ती म्हणाली, अरे, हीच की ती दोन वजनं.
तूच तर वाचलंस.

अकरा हंगाम तिनं देठ खुडले.
तिच्या देवाचं नाव कुणी विचारलं नाही.
सभेत साक्ष द्यायला उभी राहिली
की प्रभू चांगला आहे एवढंच म्हणून
लाजून खाली बसायची.

आता नवापुरात माझं किराणा दुकान आहे.
भिंतीवर आईचा फोटो, गल्ल्याखाली दगड.
काल सहज काट्यावर ठेवला.
पाच किलो साठ ग्रॅम.
म्हटलं, तेल मुरलं असेल तिच्या हातचं.
म्हटलं, एवढ्या वर्षांची धूळ.
दुपट्यानं पुसला. पुन्हा ठेवला. साठ.
दगड वाढत नसतो, एवढं मला कळतं.

समोर वळव्यांची पोरगी, पाच किलो तांदूळ घेऊन
पायरी उतरत होती.
थांब, म्हटलं, पिशवी आण इकडं.
काय झालं काका?
सांगायला तोंड उघडलं
आणि त्या दगडाच्या वासानं, इतक्या वर्षांनी,
मला शिंक आली.